चुन्यातली फरशी

शहाबादी फरशीचा खरा रंग ती ओली झाल्यावर कळतो. कोरडी असताना राखाडी, पाणी पडलं की निळसर काळी. एकेकाळच्या उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला हा चुनखडीचा दगड. मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावरच्या शहाबादच्या खाणींतून तो निघाला आणि पुण्यातल्या वाड्यांच्या मोऱ्यांत, ओट्यांखाली, चौकांत जाऊन बसला. आता वाडे पडताहेत, आणि तीच फरशी ठेकेदाराकडे चौरस फुटाच्या भावाने मिळते.

न्हाणीघर दुरुस्तीला काढलं तेव्हा हाताशी पैसे मोजकेच होते, म्हणून सदाशिव पेठेतल्या एका पाडकामावर गेले. तिथे जे पाहिलं ते अजून मनातून जात नाही. चुन्यात बसवलेली जुनी फरशी पहारीच्या हलक्या धक्क्याने अखंड उचलली जात होती. खालचा चुना भुरभुर सुटत होता. पलीकडच्या खोलीत मागाहून कुणीतरी सिमेंटमध्ये लावलेल्या लाद्यांचे मात्र तुकडेच हाती येत होते. चुना दगडाहून मऊ. ताण आला की तो स्वतः तुटतो आणि दगडाला वाचवतो. ज्या गवंड्यांनी ती फरशी बसवली, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. पण त्यांचं काम इतक्या वर्षांनी माझ्या उपयोगी पडत होतं. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

फरशी निवडताना ती उभी धरून बोटाच्या पेराने वाजवायची. खणखणीत बोलली तर घ्यायची. बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत, ती ठेवून द्यायची. आणि तिच्यावर अ‍ॅसिड कधीही घालू नये. चुनखडीच ती, फसफसते आणि झिजते. काथ्या, पाणी आणि चिकाटी एवढं पुरतं.

पितळी नळ जुन्या बाजारातून आणले, बुधवारच्या बाजारात. वजनाला भारी, आटे शाबूत. वायसर बदलला की पुन्हा चालू. जुन्या पितळेत थोडं शिसं असतं, म्हणून असा नळ आंघोळीलाच ठेवावा, पिण्याच्या पाण्याला नको.

सगळंच जुनं घ्यावं असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. जुन्या लोखंडी पाइपांना आतून गंज धरतो आणि पाण्याची धार बारीक होते. चिनी मातीच्या भांड्याची चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि फ्लशच्या जुन्या टाक्या एका वेळी दहा-दहा लिटर पाणी ओततात. तेव्हा भांडं, टाकी, पाइप आणि नहाणी ट्रॅप नवे घेतले. वाचलेले पैसे खालच्या विटांच्या कोब्यात घातले. गळती खालच्या घरात उतरते. तिथे काटकसर करणं म्हणजे शेजाऱ्याच्या छतावर उधारी करणं. कोबा झाल्यावर पाणी तुंबवून ठेवलं, खालच्या छतावर डाग उमटला नाही, तेव्हाच पुढचं काम. शहाबादीचा पृष्ठभाग खडबडीत. पाय घसरत नाही, पण पाणी रेंगाळतं. म्हणून मिस्त्रींनी उतार नेहमीपेक्षा जरा जास्त दिला आणि पाणसळ पुन्हा पुन्हा लावून पाहिली.

कोबा सिमेंटचाच, पण वरची फरशी चुन्यात बसवा, असा माझा आग्रह होता. मिस्त्री थांबले. “ताई, पुन्हा काढायची आहे का?”

“मला नाही. पण कधीतरी कुणाला तरी काढावी लागेलच.”

त्यांनी थोडा विचार केला आणि चुन्याचं पोतं फोडलं. दरजांपुरतं त्यात सिमेंट मिसळलं. चुना सावकाश घट्ट होतो. तोवर आम्ही सगळे बादल्या-टॉवेल घेऊन वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे आंघोळीला जात होतो. काम पाहायला त्या रोज खाली यायच्या. उरलेल्या फरश्या त्यांनीच मागून घेतल्या, गॅलरीसाठी, आणि मिस्त्रींना बजावलं, “आमच्याकडेही चुनाच वापरा.”