'मी' कोणाचा?

मनुष्य 'मी' म्हणून बोलूं लागला, कीं आपण नकळत त्याच्या बाजूस जाऊन बसतों. न्यायालयांत उलटतपासणीवांचून जी साक्ष आपण मानणार नाहीं, तीच कादंबरींत मुकाट्यानें शिरोधार्य करतों. आपल्या या भोळेपणावरच इयन मॅक्यूअन या इंग्रज कादंबरीकारानें २०१२ सालीं 'स्वीट टूथ' ही हेरकथा रचिली आहे.

केंब्रिजमध्यें गणित शिकलेली, एका बिशपची कन्या सेरीना फ्रूम १९७२ च्या सुमारास 'एम्. आय्. फाइव्ह' या ब्रिटिश गुप्तहेरखात्यांत नोकरीस लागते. साम्यवादास प्रतिकूल अशा लेखकांना, त्यांच्या नकळत, एका संस्थेच्या नांवाखालीं पैसा पुरवावयाचा, अशी खात्याची योजना असते. ही निव्वळ कल्पना नव्हे. लंडनच्या 'एन्काउंटर' मासिकामागें अमेरिकन हेरखात्याचा पैसा होता, हें १९६७ सालीं उघडकीस आलें होतें. सेरीना टॉम हेली या तरुण लेखकास वृत्ति देऊं करते, त्याच्या प्रेमांत पडते, आणि गुपित मात्र पोटांतच ठेवते.

शेवटच्या प्रकरणांत टॉमचें पत्र येतें आणि आपल्या पायांखालची जमीन सरकते. सेरीनाच्याच एका सहकाऱ्यानें त्याला सर्व सांगितलेलें असतें. तोही गप्प राहतो, तिला न्याहाळतो, आणि तिच्या 'मी'नें ही सारी कथा स्वतःच लिहून काढतो!

अशा निवेदकांविषयीं वर्गांत बोलूं लागलों, कीं एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, "मग सर, यांतलें खरें कोणतें?" प्रश्न रास्त आहे. मला वाटतें, घटना किती खऱ्या यापेक्षां, ती मुलगी कां गप्प राहिली हें टॉमला उमगलें कीं नाहीं, हें अधिक महत्त्वाचें. तिच्या मुखानें बोलावयाचें, तर तिची भीति आणि तिची लाज त्याला आंतून भोगावी लागली. दुखावलेल्या माणसास क्षमेची याहून खडतर वाट क्वचितच सांपडेल.

तरीही मन पुरतें निवत नाहीं. दुसऱ्याच्या अंतरंगांत प्रेमानें शिरणें हीदेखील एक हेरगिरीच! आमच्या पिढींतले पुष्कळ पतिराज 'हिच्या मनांतलें मला विचारा' असें कौतुकानें सांगतात. 'ही' त्या वेळीं शेजारींच बसलेली असते.

टॉमनें एवढें तरी केलें, कीं पत्रांतून लग्नाचें विचारलें आणि पुस्तकाचें भवितव्य तिच्या हातीं सोंपविलें. पुस्तक आज आपल्यापुढें आहे. तेव्हां तिचें उत्तर ओळखतां येतें. पण तें उत्तर तिच्या स्वतःच्या शब्दांत ऐकावयास मात्र आपल्याला मिळत नाहीं.