मिशा लावून खान होत नाही!

चरित्रपट पाहायला मी जरा धास्तावूनच बसतो. कथा चांगली असेल हो, पण नायक? हॉलिवुडच्या ‘द कॉन्करर’चेच (१९५६) पाहा ना! पैसा हॉवर्ड ह्यूजचा, दिग्दर्शन डिक पॉवेलचे, चित्रण यूटाच्या अफाट वाळवंटात. आणि चंगीझखान कोण, तर जॉन वेन! ओठावर लोंबत्या मिशा आल्या. पण स्वारी ते जुन्या वळणाचे भारदस्त संवाद बोलू लागली मात्र, मंगोलिया कुठल्या कुठे पळाला आणि माझ्यापुढे वेस्टर्नपटांतला गुराखी उभा राहिला. मग मला खानाची ना भीती वाटली, ना कीव.

परका माणूस म्हणून फसला म्हणाल, तर ते अर्धेच खरे. आपल्या प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आठवा. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. पण दामले-फत्तेलालांच्या त्या चित्रपटात पागनीस दिसतच नाहीत. दिसतात ते तुकोबा. नटाने आपली ओळख दाराबाहेर ठेवली, तरच हे साधते. वेनसाहेबांना ती ठेवता आली नाही.

खानाला काय किंवा तुकोबांना काय, आपण कुणीच पाहिलेले नाही. पडद्यावरचा चेहरा तोच खरा, असे मानून मुले तो जन्मभर जपतात. आमच्या घरी तुकोबा म्हटले, की अजून पागनीसच डोळ्यांपुढे येतात! म्हणून तिकिटाचे पैसे गेल्याचे दुःख नाही. मुलांच्या मनात भलताच माणूस जाऊन बसतो, त्याचे आहे.