फर्मानापूर्वीचे पाप

सौदी अरेबियाचे युवराज व पंतप्रधान फैसल यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये दहाकलमी कार्यक्रम जाहीर केला आणि तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. मग आदल्या दिवशी माणूस विकणे पाप नव्हते काय? इस्लामी पंडितांत या मूळ प्रश्नावर जुना वाद आहे. मुअतझिली म्हणत, बरेवाईट कृत्याच्या ठायीच असते आणि ते बुद्धीला कळते; अशअरी म्हणत, ईश्वराची आज्ञा तेच बरे. मौज अशी, की गुलामास मुक्त करणे हे पुण्य, याविषयी उभयतांत दुमत नव्हते. तरी बाजार चालूच राहिला! केवळ मताने हात हलत नाही, हेच खरे.

तथापि ते मत अगदीच निरुपयोगी नव्हे. मळ्यांवर आलेल्या पूर्वजांचेच उदाहरण घ्यावे. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी करारबद्ध मजुरी बंद करण्याचा ठराव व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडला, तेव्हा ती पद्धत पूर्णतः कायदेशीर होती. कायदा हाच न्याय मानणाऱ्याजवळ तेथे बोलावयास शब्दच नव्हता. गोखले बोलले. ठराव फेटाळला गेला. मजुरांची ती रवानगी थांबली १९१७ मध्ये. तोवर गोखल्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.