भांड्यावरचे नाव

आमच्या चाळीत कुणाकडे कार्य निघाले, की पहिले आमंत्रण आमच्या भांड्यांना येई, आम्हाला मागाहून. दोन मोठी पातेली, एक परात, चार ओगराळी, सहा तांबे... आई सारे मोजून देई आणि माझ्या शाळेच्या एका जुन्या वहीत टिपून ठेवी. भांड्यांवर वडिलांचे नाव घातलेले होतेच. वडिलांना मात्र हा प्रकार पसंत नसे. "अगं, लग्नघरी का कुणी तांबे मोजतं? काय म्हणतील लोक!" त्यावर आईचे उत्तर ठरलेले: "मोजते, म्हणून तर पुढच्या खेपेला हसून देता येतात."

पुढे माझी सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे आता पेन्शनीत वर्तमानपत्र वाचताना युद्धाच्या बातमीतही माझी नजर तोफेकडे न जाता वहीकडे जाते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनजवळचे पैसे संपत आले, तेव्हाची गोष्ट. डिसेंबर १९४० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट पत्रकारांना म्हणाले, की शेजाऱ्याच्या घराला आग लागली असता आपण बागेतली पाण्याची नळी देतो, ती किंमत ठरवून नव्हे. आग विझल्यावर नळी परत मिळाली म्हणजे झाले. हे तर आमच्या वडिलांचेच बोलणे! पण मार्च १९४१ मध्ये 'लेंड-लीज'चा कायदा झाला, त्यात आमची आईही होती. निदान दर नव्वद दिवसांनी अध्यक्षांनी काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, अहवाल ठेवावा असे त्यात कलम होते. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार कोटी डॉलरांची मदत मित्रराष्ट्रांना गेली, ती अशी वहीत लिहून.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि अमेरिकेने पुन्हा कोठार उघडले. खांद्यावरून डागायची जॅव्हलिन आणि स्टिंगर क्षेपणास्त्रे, अंधारात पाहण्याच्या दुर्बिणी, असल्या नाजूक मालाच्या एकेका नगावर क्रमांक असतो आणि तो नग कुठे आहे हे वेळोवेळी पडताळायचे असते. भांड्यावर नाव घालण्याचाच हा प्रकार! पण धडाडत्या आघाडीवर अमेरिकन कारकून जाणार कसा? मग युक्रेनच्या सैनिकांच्याच हाती क्रमांक टिपणारी छोटी यंत्रे दिली गेली.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. अशा खास देखरेखीच्या सुमारे १७० कोटी डॉलरांच्या मालापैकी १०० कोटींहून अधिक मालाची पडताळणी वेळेत झालेली नव्हती. लगेच एका बाजूने ओरड झाली, "चोरीला गेला!" अहवालात तसे कुठेही म्हटलेले नव्हते, तो तपास त्याच्या कक्षेतच नव्हता. दुसरी बाजू म्हणाली, "लढणाऱ्या माणसाला कसले हिशेब विचारता?" मला दोन्ही आवाज ओळखीचे वाटले.

एकदा शेजारच्या काकूंकडच्या मुंजीनंतर पाचच तांबे परत आले. आई एक शब्द बोलली नाही. पण दोन घरांतले विरजणाचे येणेजाणे थांबले. काकू समोरून आल्या की आई पदर सावरायच्या निमित्ताने मान वळवी. पुढे दिवाळीची झाडलोट करताना सहावा तांबा आमच्याच माळ्यावर सापडला. लिहिले होते सहा, दिले होते पाच. आईने फराळाचे ताट घेतले, त्यावर तो तांबा ठेवला, आणि काकूंच्या दारात जाऊन म्हणाली, "चूक माझ्या वहीची होती हो." काकू रडल्या. आईही.

अमेरिकेच्या वहीतही असा तांबा निघाला. जून २०२३ मध्ये संरक्षण खात्याने कबूल केले, की कोठारातल्या जुन्या मालाला नव्या मालाची किंमत लावल्यामुळे युक्रेनला दिलेली मदत ६२० कोटी डॉलरांनी जास्त धरली गेली होती. चूक घेणाऱ्याची नव्हती, देणाऱ्याची होती.

म्हणून मला वाटते, वही ही घेणाऱ्यावर पहारा ठेवण्यापुरती नसते. देणाऱ्याचा खोटेपणा किंवा गलथानपणाही तिने दाखवायला हवा. नाहीतर उगाच शेजाऱ्यावर आळ येतो. पण त्यासाठी वही तपासणारा माणूस देणाऱ्याच्या मर्जीवर बसलेला असून चालत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या नव्या अध्यक्षांनी डझनावर महानिरीक्षकांना एका फटक्यात पदावरून दूर केले. संरक्षण खात्याचे महानिरीक्षक त्यांतच होते. ही बातमी वाचली, तेव्हा चहा गार होईपर्यंत मी तसाच बसून राहिलो.

तो सहावा तांबा अजून आमच्याकडे आहे. त्यावरचे वडिलांचे नाव घासून घासून पुसट झाले आहे. परवाच तो शेजारी सत्यनारायणाला गेला. सौ.ने वहीत टिपला, आणि मी माळ्यावर चढून पाहून आलो.