बुडापेस्टचा ढोलवाला

डॅन्यूब नदीच्या एका काठाला बुडा आणि दुसऱ्या काठाला पेस्ट. १८७३ साली ओबुडा नावाच्या तिसऱ्या भावंडाला बरोबर घेऊन ही गावे एकत्र नांदू लागली आणि बुडापेस्ट शहर झाले. येथे येणारा प्रवासी पूल पाहतो, टेकडीवरचा राजवाडा पाहतो, गरम पाण्याच्या हौदांत डुंबतो आणि संध्याकाळी पाय दुखू लागले की कुठल्यातरी मिठाईघरात जाऊन बसतो. तेथल्या काचेच्या कपाटात नाना तऱ्हेचे केक दिमाखात मांडलेले असतात. त्यांत एक जरा वेगळा दिसतो. उंचीने बेताचा, अंगाला चॉकलेटचा लेप आणि डोक्यावर मधाच्या रंगाचे, काचेसारखे चकाकणारे साखरेचे झाकण. हाच तो 'दोबोश तोर्ता'.

हंगेरियन भाषेत 'दोबोश' म्हणजे ढोलवाला. वरच्या झाकणावर सुरी टेकवली की टक् असा आवाज येतो. त्यावरूनच हे नाव पडले असावे, असे कुणालाही वाटेल. पण हे आपले आडनाव आहे हो! योझेफ दोबोश हा बुडापेस्टमधला नामांकित दुकानदार. १८८५ साली शहराच्या मोठ्या बागेत राष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेथे त्याने हा केक मांडला. पहिल्या चाखणाऱ्यांत सम्राट फ्रान्झ योझेफ आणि सम्राज्ञी एलिझाबेथ होती, असे सांगतात. त्या काळी बर्फाच्या कपाटांची आजच्यासारखी सोय नव्हती. दुधासायीचे केक लगेच आंबत. दोबोशने थरांमध्ये लोण्यात फेटलेले चॉकलेट भरले आणि वर साखरेच्या पाकाचे झाकण घातले. त्यामुळे केक टिकू लागला आणि लाकडी पेटीत बसून परगावी जाऊ लागला.

मग काय विचारता! जो तो नक्कल करू लागला. पण लोण्याची ती युक्ती साधेना आणि नकली दोबोश जागोजागी खपू लागले. १९०६ साली निवृत्त होताना या माणसाने काय करावे? आपली मूळ कृती त्याने शहरातल्या मिठाईवाल्यांच्या संघाच्या स्वाधीन केली. अट एकच, ती सर्व सभासदांना मोकळी असावी.

ही गोष्ट मला दुकानात बसून कळली नाही. कामानिमित्त दोन महिने मी पेस्ट भागात एका घरी राहिले होते. मधोमध फरसबंद चौक, भोवती चार मजले, प्रत्येक मजल्याला लोखंडी कठड्याची लांबलचक गॅलरी आणि तिच्यावर उघडणारी सगळ्यांची दारे. गिरगावातली चाळच म्हणा ना! भिंतींवर अजून गोळ्यांचे व्रण आहेत. ते १९४५ सालचे की १९५६ चे, यावर भाडेकरूंचे एकमत नाही. माझ्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. वडीलधाऱ्या बाईला तिकडे 'नेनी' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसे. मीही त्यांना नेनीच म्हणत असे.

हंगेरीत पंचांगातल्या प्रत्येक दिवसाला कुणाचे ना कुणाचे नाव असते. आपल्या नावाचा दिवस आला की स्नेहीमंडळी न बोलावता येतात. नेनींचा नामदिन जवळ आला होता. दर वर्षी त्या दोबोश करीत. पण संधिवाताने बोटे वाकली आणि दोन वर्षे केक दुकानातून आला. "दुकानचा केक पाहुण्यांसाठी, पोरी. मैत्रिणींसाठी घरचाच लागतो," त्या मला म्हणाल्या. इंग्रजी त्यांना बेताचे, मला हंगेरियन चार शब्दांपुरते. मी दंडाची बाही वर सरकवली, एवढ्याने त्यांना सारे उमगले.

सकाळी आम्ही मोठ्या मंडईत गेलो. १८९७ साली बांधलेली ही लोखंडी कमानींची मंडई पाहावी अशीच आहे. सुकलेल्या लाल मिरच्यांच्या माळा पाहून मला घरची आठवण झाली. तिकडे किरकोळ जिन्नस 'डेका'वर मागतात. एक डेका म्हणजे दहा ग्रॅम. नेनींनी लोणी घेतले ते हुंगून, आणि चॉकलेट घेतले ते मोडून, कारण चांगले चॉकलेट मोडताना खट् वाजले पाहिजे.

दुपारभर मी फेटत होते आणि नेनी खुर्चीवरून हुकूम सोडत होत्या. या केकचा एक मोठा गोळा भाजून त्याचे काप करीत नाहीत. सहाही थर निरनिराळे, डोशासारखे पातळ पसरून भाजायचे. पहिला थर बाहेर येतो तोवर दुसरा आत. पाच थर चॉकलेटच्या लोण्याने सांधायचे आणि सर्वांत देखणा सहावा थर बाजूला ठेवायचा. त्याच्यावर पाक ओतायचा.

येथेच खरी परीक्षा. पाक ओतला की हाताशी मिनिटभराचा अवधी. तेवढ्यात लोणी लावलेल्या सुरीने त्याचे बारा त्रिकोण पाडायचे. थंड झाला की काच फुटावी तसे तुकडे उडतात. ज्या बाईने चिक्कीच्या वड्या पाडल्या आहेत तिला हे सांगायला नको. माझी सुरी सरसर चालली तशा नेनी टाळ्या वाजवू लागल्या. पाकात मात्र त्यांनी काहीतरी हळूच पिळले आणि ओठांवर बोट ठेवले. ते लिंबू होते.

संध्याकाळी सातजण जमले. एकेकाळी वीस जमत, असे नेनी म्हणाल्या. त्यांची शाळेपासूनची एक मैत्रीण तीन मजले थांबत थांबत चढून आली होती. या दोघींत चाळीस वर्षांचा लटका रुसवा. मैत्रिणीने दर नामदिनी पाकाचे गुपित विचारायचे आणि नेनींनी हसून दुसरा तुकडा वाढायचा. त्या दिवशीही तिने विचारले. नेनींनी आपल्या बोटांकडे पाहिले, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "लिंबू. चार थेंब. आईने सांगितले होते."

मैत्रीण आधी गप्प झाली. मग तिला हसू आवरेना. शेजारच्या विद्यार्थ्याने मला अर्थ सांगितला. ती म्हणत होती, "अगं, मीसुद्धा पन्नास वर्षे लिंबूच पिळते आहे!" नेनीही डोळे पुसत हसू लागल्या.

बुडापेस्टहून आगगाडीने तीन तासांच्या आत व्हिएन्ना येते. तेथल्या साखर तोर्ताची कीर्तीही जगभर आहे. पण 'अस्सल' हा शब्द कुणी लावायचा, यावरून तेथे एक हॉटेल आणि एक मिठाईघर १९५४ पासून कोर्टात भांडत होते. मुरंबा मधे असावा की नुसता वर, याचाही तेथे खल झाला. १९६३ साली तडजोड झाली. तो केकही रुचकर आहे, नाही म्हणू नये. पण मला आठवते ती माझी आत्या. तिच्या अनारशांना जी जाळी पडे ती कुणालाच साधली नाही. पीठ मळताना ती स्वयंपाकघराचे दार लोटून घेई. आत्या गेली आणि ते अनारसेही गेले. दर दिवाळीला आम्ही सगळ्या ते आठवतो, करीत मात्र कुणीच नाही.

नेनींनी मला कागद दिला तो एका बोलीवर. जो मागेल त्याला द्यायचा. तेव्हा लिहून घ्या. थरांसाठी सहा अंडी, दहा डेका साखर, दहा डेका मैदा, साडेतीन डेका वितळलेले लोणी. पिवळे आणि पांढरे वेगवेगळे फेटावे, मग हलक्या हाताने एकत्र करावे. चांगल्या तापलेल्या भट्टीत एकेक थर सहा-सात मिनिटे. सारणाला चार अंडी वीस डेका साखरेबरोबर वाफेवर घट्ट होईपर्यंत फेटावीत. मिश्रण पुरते निवल्यावर चोवीस डेका लोणी आणि वितळवून कोमट केलेले वीस डेका चॉकलेट घालावे. झाकणाला पंधरा डेका साखर, आणि लिंबाचे चार थेंब. तुकडे बारा होतात. निदान अकरा माणसे बोलवावीत.