पत्त्यांचा बटवा

दिवाळीत पत्त्यांचा कॅट निघाला नाही असे घर आमच्या गावात विरळाच. तुमच्याकडेही फारसे वेगळे नसेल. पत्ते सोडा म्हणून सांगायला मी बसलेलो नाही. माझेच अजून सुटलेले नाहीत. सांगायचे आहे ते पैशांबद्दल.

१९९८ ची दिवाळी. कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे बंडीच्या खिशात होते. त्यातून हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे होते. वाटेत मित्राच्या ओसरीवर टेकलो. आधी तीन पत्ती झाली, मग कोणी तरी अंदर-बाहर काढला. हरलो की दुप्पट लावायचे, एकदा जिंकलो की सगळे वसूल, असा माझा हिशेब. १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०. सहा डाव ओळीने गेले की ६३० रुपये गेले. सातव्याला ६४० लावून जिंकलो असतो तरी पदरात निव्वळ दहाच! हे त्या रात्री सुचले नाही. त्या वर्षीचा हरभरा शेजाऱ्याकडून सवाईने आणलेल्या बियाण्यावर पेरला.

मंडळी काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीला तिने जुन्या खणाचा एक बटवा शिवला आणि त्यात २०० रुपये घातले. म्हणाली, "एवढे गेले तर एक लुगडे कमी घेतले असे समजेन. बंडी मात्र खुंटीला टांगून जा."

पोकर हा आपल्या तीन पत्तीचा विलायती भाऊबंद. त्यातले मुरलेले खेळाडूही हेच करतात, हे मला फार उशिरा कळले. खेळाचे भांडवल घरखर्चापासून वेगळे ठेवायचे आणि एका डावात त्याचा लहानसाच हिस्सा घालायचा. कारण साधे आहे. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० तऱ्हांनी येऊ शकतात. त्यांत तिन्ही सारखी फक्त ५२ वेळा, म्हणजे ४२५ डावांत एकदा. चारांतल्या जवळजवळ तीन डावांत तर साधी जोडीसुद्धा नसते. तोवर बूट भरत बसावे लागते. बूट दहाचा असेल तर २०० रुपये वीस डावांत नुसत्या बुटातच संपतात. दोनचा असेल तर शंभर डाव पुरतात. म्हणून आधी बूट विचारावा, मग बसावे.

मोबाइलवरच्या खेळात तर बटव्याचा तळच दिसत नसे. पैसे लावून असे खेळ खेळवण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली, ते बरेच झाले. ओसरीवरच्यांनीही विसरू नये, जुगाराचा १८८७ चा कायदा महाराष्ट्रात अजून आहे.

गेल्या दिवाळीची गोष्ट. हातात बदामाची तीन पाने, त्यांत एक्का. समोर एकच गडी उरलेला. आणि माझा बटवा रिकामा! सगळे म्हणाले, "उसने देतो, चाल कर." दोन क्षण थांबलो. मग बटवा उलटा करून दाखवला आणि पाने पालथी टाकली. समोरच्याकडे काय होते ते कळले नाही. खोटे कशाला सांगू, अजून चुटपुट लागते.

घरी आलो तेव्हा ती चकलीचा सोऱ्या धूत होती.

"संपले?"

"संपले."

"बरं. हरभरा कधी पेरायचा?"