निळ्या पाकिटाचे गाव

मैत्रिणींनो, क्रोएशियात गेलात तर समुद्रकिनारा तुम्हाला कुणीही दाखवील. पण एक दिवस काढा, झाग्रेबहून ईशान्येला जाणारी आगगाडी पकडा आणि कोप्रिव्नित्सा गावी उतरा. द्रावा नदीच्या सपाट, सुपीक भागातले हे गाव. हंगेरीची सरहद्द जवळच. ‘वेगेता’ मसाल्याचे निळे पाकीट इथलेच. तिकडे ते घरोघरी चुलीशेजारी असते, बरं का!

वेगेता म्हणजे मीठ, वाळवलेले गाजर, कांदा, सेलरी, पार्सली यांचा भरड मसाला. थोडे अजिनोमोटोही असते. आपल्याकडे फोडणीला जो मान, तो तिकडे सूपला. हाडे-भाज्या तासन्‌तास उकळत ठेवायच्या, तेव्हा कुठे चव उतरते. वेगेताच्या चमचाभर पुडीने तो वेळ वाचला.

वेळेची गरज होतीच. १९३४ साली वोल्फ बंधूंनी इथे फळांपासून मुरंबे, जॅम करायचा कारखाना काढला. महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात टिटोंची समाजवादी राजवट आली आणि १९४७ साली कारखाना सरकारजमा झाला. तोच ‘पोद्राव्का’. नव्या राजवटीत बायका कारखान्यांत, कचेऱ्यांत जाऊ लागल्या. स्वयंपाक मात्र त्यांच्याच गळ्यात राहिला. ओळखीचे वाटते ना? १९५७ साली पोद्राव्काने पाकिटातली सुकी सूप आणली, आणि १९५९ साली वेगेता.

ती तयार केली झ्लाता बार्तल या बाईंनी. जन्म १९२०चा, बोस्नियातल्या त्राव्निकजवळचा. सारायेव्होत त्या शाळेत शिकवीत. युद्ध संपल्यावर नव्या सरकारने त्यांना राजकीय आरोपावरून तुरुंगात टाकले. त्यातच मणक्याचा क्षय जडला. शिक्षकी गेली, तब्येत गेली. तरी खचल्या नाहीत. १९५५ साली पोद्राव्कात लागल्या आणि प्रयोगशाळेत भाज्या, मसाले तोलत बसल्या. ज्या राजवटीने कैदेत घातले, तिच्याच कारखान्याचे नाव या बाईंनी देशोदेशी नेले. १९६७ साली वेगेता हंगेरीत आणि सोव्हिएत रशियातही विकायला गेली.

आणि पाकिटावर चित्र कुणाचे? वर्षानुवर्षे उंच टोपीवाल्या आचारीबुवांचे! १९७४ साली टीव्हीवर पोद्राव्काचा पाककृतींचा कार्यक्रम सुरू झाला, तिथेही शिकवायला स्तेवो कारापांजा हे पुरुष आचारीच. रोज रांधणाऱ्या बायका, मसाला शोधणारी बाई, आणि मिरवायला मात्र बुवा!

१९९१ साली युगोस्लाव्हिया फुटू लागला, युद्धे झाली, नव्या सरहद्दी पडल्या. पण सरहद्दीच्या अल्याड-पल्याड दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत निळे पाकीट टिकून राहिले. झ्लाताबाई २००८ साली वारल्या.

कुणी हे पाकीट तुम्हाला आणून दिलेच, तर एक लक्षात ठेवा. त्यात मीठ भरपूर असते. आधी वेगेता घाला, चव बघा, मगच मिठाच्या डब्याला हात लावा. आणि घरातल्या मंडळींनी “वा!” म्हटले, की झ्लाताबाईंची गोष्ट त्यांनाही सांगा.